लवकर पोहोचलात तरी दंड

मोटारींची स्पर्धा म्हटले की आपल्या घरांतून पहिला उद्गार निघतो तो ‘हे आपले काम नव्हे’ असा. गेल्या वर्षी दिवाळीचे वहीपूजन आटोपून दोन आठवडे झाले असतील, तेव्हा माझ्याही तोंडून हाच उद्गार निघाला. माझी मुलगी बी.कॉम. झाल्यापासून, म्हणजे दोन वर्षे, आमच्या सांगलीच्या अडत दुकानात बसते. हळदीचा हंगाम अजून दूर होता, पेठेत गर्दी नव्हती. दुपारच्या निवांत वेळी तिने माझ्यापुढे चार पानांचे एक छापील पत्रक ठेवले. आमच्या भागातील मोटारप्रेमींच्या एका क्लबने कोल्हापुरातून एका दिवसाची रॅली आयोजित केली होती आणि तिला आपली घरची मोटार घेऊन तीत उतरायचे होते.

पत्रक न वाचताच मी नाही म्हणालो. वेग, धूळ, रस्त्यावरचा अपघात, वर्तमानपत्रातली बातमी, नातेवाइकांचे फोन असे सगळे चित्र एका क्षणात डोळ्यांपुढे उभे राहिले. मुलगी काही बोलली नाही. पत्रक तिथेच राहिले. गादीवर तक्क्याला टेकून बसलेले माझे वडील, अप्पा, यांनी ते उचलले. अप्पांचे वय 82. आजही ते रोज सकाळी दोन तास आणि दुपारी तासभर पेढीवर येतात आणि समोर आलेला कोणताही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवत नाहीत. दुसऱ्या पानावर ते थांबले.

“हे काय लिहिलंय?” त्यांनी नातीला विचारले. “लवकर पोचलं तरी दंड?”

“हो अप्पा. उशिराच्या प्रत्येक सेकंदाला एक गुण दंड, आणि लवकरच्या प्रत्येक सेकंदाला दोन.”

“म्हणजे जोरात पळवणाऱ्याला जास्त दंड.”

“हो.”

अप्पांनी पत्रक माझ्याकडे सरकवले. “आधी वाच. मग नाही म्हण.”

मी वाचले. ज्या प्रकारच्या स्पर्धेसाठी हा अर्ज होता, तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘टीएसडी’ म्हणतात. टाइम, स्पीड, डिस्टन्स, म्हणजे वेळ, वेग आणि अंतर. या स्पर्धेत कोणी कोणाच्या पुढे जायचे नसते. मोटारी एकेका मिनिटाच्या अंतराने सोडल्या जातात. प्रत्येक मोटारीत दोन माणसे असतात, एक चालक आणि एक नॅव्हिगेटर, म्हणजे वाट दाखवणारा आणि हिशेब ठेवणारा. मार्ग आधी सांगत नाहीत. स्पर्धेच्या वेळी हातात एक ‘रोडबुक’ देतात. त्यात कोणत्या टप्प्यात सरासरी किती वेग राखायचा, तेही दिलेले असते. हे वेग कायद्याच्या मर्यादेच्या पुष्कळ आतले असतात. आमच्या रॅलीत ताशी 24 ते 48 किलोमीटर असे होते. मार्गावर कुठेतरी, आधी न सांगितलेल्या जागी, घड्याळे घेऊन पंच बसलेले असतात. तुमची मोटार त्यांच्यापुढे ज्या सेकंदाला यायला हवी, त्या सेकंदाला आली तर दंड शून्य. पंच दुरून दिसले म्हणून थांबून वेळ काढणेही नियमात बसत नाही. ज्याच्या खात्यावर दंड सर्वांत कमी, तो विजेता.

अप्पांच्या दृष्टीने हे वाहनकौशल्य नव्हतेच. हा हिशेब होता. ताशी वेग सांगितला की एका किलोमीटरला किती वेळ लागेल, हे काढायला 60 ला त्या आकड्याने भागायचे. ताशी 40 असेल तर किलोमीटरला दीड मिनिट. ताशी 24 असेल तर अडीच. 48 असेल तर सव्वा. मुलगी फोनवरचा गणक काढेपर्यंत अप्पा बोलून गेले, “ही तर दिडकी, अडीचकी आणि सवायकी.”

चाळिशीच्या आतील वाचकांना हे शब्द कदाचित ठाऊक नसतील. जुन्या शाळांतून पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर अपूर्णांकांचेही पाढे पाठ करून घेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे हे पाढे. शेर, पायली, मण यांच्या व्यवहारात भाव सांगताक्षणी रक्कम तोंडून निघायची ती या पाढ्यांच्या जोरावर. दशमान पद्धत आली, नवे पैसे आले, किलोग्रॅम आला आणि या पाढ्यांचे काम संपले. माझ्या वर्गात ते कोणी शिकवले नाहीत. अप्पांना मात्र ते अजून मुखोद्गत आहेत. त्या संध्याकाळी त्यांनी पाठकोऱ्या कागदावर रुळाने उभ्या रेघा मारून तीन रकाने पाडले आणि एक ते तीस किलोमीटरपर्यंतचा तक्ता आपल्या हाताने लिहून काढला. सोळाव्या किलोमीटरला दिडकीने चोवीस मिनिटे, सवायकीने वीस, अडीचकीने चाळीस. कागदाच्या माथ्यावर, वहीच्या पहिल्या पानावर लिहावे तसे, त्यांनी ‘श्री’ लिहिले.

तरीही घरचा होकार लगेच मिळाला नाही. माझ्या आईने, अक्कांनी, एक साधा प्रश्न विचारला. “कुठे पोचायचं नाही, काही आणायचं नाही, मग दिवसभर पेट्रोल जाळायचं ते कशाला?” प्रयोजनाशिवाय घडणाऱ्या हिंसेला आपल्याकडे अनर्थदंड म्हणतात, हे त्यांनी मुलीला सांगितले. मुलीने अंतर मोजून दाखवले. एकूण 160 किलोमीटर, म्हणजे सुमारे दहा लिटर पेट्रोल. लग्नाच्या एका वरातीत याहून अधिक जळते, असे ती म्हणाली. अक्का म्हणाल्या, “तेही बरोबर नाहीच.” हा वाद तिथेच थांबला, आणि मला वाटते, तो अजून मिटलेला नाही. खेळाला प्रयोजन मानायचे की नाही, यावर प्रत्येक घराने आपापला निर्णय करावा. आमच्या घरात निर्णय अप्पांनी केला, तोही एका अटीवर. “नॅव्हिगेटर म्हणून मैत्रीण नको. शेजारी तुझा बाप बसेल.”

अशा रीतीने वयाच्या 54 व्या वर्षी मी स्पर्धकांच्या यादीत आलो.

येथे थोडे मागे जायला हवे, कारण ‘रॅली’ या शब्दाखाली अगदी भिन्न गोष्टी एकत्र येतात. मोटारी हिंदुस्थानात नव्या होत्या, तेव्हापासूनच त्यांच्या चाचणीस्पर्धा होत आहेत. 1904 च्या अखेरीस मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडियाने दिल्ली ते मुंबई अशी चाचणी घेतली. एवढ्या लांबच्या वाटेवर मोटारी टिकतात की नाही, हे पाहणे हा तिचा हेतू होता. 1919 मध्ये मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली; मुंबईहून ॲम्बी व्हॅलीपर्यंतची केवळ महिलांची रॅली तिनेच भरवली. तीही आमच्याप्रमाणे वेळेच्या हिशेबाची होती. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर हौशी मंडळी शर्यती लावत. त्यातून पुढे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा स्वतःचा ट्रॅक उभा राहिला. 1980 मध्ये नाझीर हुसेन यांच्या पुढाकाराने हिमालयन रॅली सुरू झाली आणि आमच्या पिढीने रॅली म्हणजे काय, हे प्रथम वर्तमानपत्रांतून पाहिले. नाशिकला होणारी रॅली ऑफ महाराष्ट्र राष्ट्रीय अजिंक्यपद मालिकेत मोजली गेली आहे.

यांपैकी हिमालयन किंवा नाशिकसारख्या रॅलींत वेगाचे टप्पे असतात. तेवढा रस्ता वाहतुकीला बंद केलेला असतो, मोटारीच्या आत पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवावा लागतो, हेल्मेट आणि आगीला दाद न देणारा पोशाख सक्तीचा असतो. तो खेळ मोठ्या खर्चाचा आहे आणि त्यात जिवाचा धोकाही खरा आहे. ऑटोक्रॉस हा मधला प्रकार. मोकळ्या मैदानावर शंकू मांडून वाट आखतात आणि त्यावरून कमीत कमी वेळात मोटार काढायची. पुष्कळदा एका वेळी एकच गाडी सोडतात. टीएसडी मात्र आपल्या रोजच्या मोटारीने, उघड्या रस्त्यावर, वाहतुकीचे सर्व नियम पाळून करायची गोष्ट आहे. ज्या घरात पहिल्यांदाच असा अर्ज येतो, त्या घराने हा भेद आधी विचारावा.

व्यापारी माणसाने अर्जावर सही करण्यापूर्वी आणखी दोन कागद वाचावेत, असे मी आग्रहाने सांगेन. पहिला कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक जागी मोटारींची शर्यत किंवा वेगाची चाचणी करणे हा गुन्हा आहे; 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सुटीच्या पहाटे महामार्गावर मित्रांनी परस्पर लावलेली ‘गंमत’ या कलमात बसते. म्हणून स्पर्धा कोणत्या क्लबची आहे, देशातील मोटर स्पोर्ट्स क्लबांचा महासंघ, म्हणजे एफएमएससीआय, याची तिला मान्यता आहे का, पोलीस आणि प्रशासनाकडून कोणत्या परवानग्या घेतल्या आहेत, हे विचारण्यात संकोच नसावा. चांगला आयोजक हे प्रश्न ऐकून खूश होतो. स्पर्धेच्या स्वरूपानुसार महासंघाचा स्पर्धापरवानाही काढावा लागतो. कोणता, ते नियमावलीत असते.

दुसरा कागद आपल्या विम्याचा. खाजगी मोटारीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ या मथळ्याखाली एक परिच्छेद असतो आणि तो सहसा कोणी वाचत नाही. संघटित शर्यत, वेगाची चाचणी आणि ‘रिलायेबिलिटी ट्रायल’, म्हणजे मोटारीच्या टिकाऊपणाची चाचणी, या वापरांना संरक्षण नाही, असे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. आपली रॅली यात मोडते की नाही, हे गृहीत धरू नये. मी विमा कंपनीला पत्र लिहून विचारले, उत्तर लेखी मागवले, आणि आयोजकांच्या विम्यात त्रयस्थाचे नुकसान, स्पर्धकाची इजा आणि मोटारीचे नुकसान यांपैकी काय येते, हेही लेखी घेतले. स्पर्धेच्या दिवशी एका हमीपत्रावर सही करावी लागते. अपघात झाल्यास क्लबला जबाबदार धरणार नाही, असा त्याचा आशय. अडत्याच्या घरातला माणूस कोऱ्या बिलावर सही करत नाही, त्याच सावधपणाने ते वाचावे.

बाकीची तयारी सोपी होती. अर्जाबरोबर चालकपरवाना, मोटारीचे नोंदणीपत्र, विमा आणि पीयूसी यांच्या प्रती द्यायच्या. जेवणाच्या रकान्यात मुलीने ‘जैन, सूर्यास्तापूर्वी’ असे लिहिले. क्लबच्या सचिवांचा लगेच फोन आला की बक्षीस समारंभाचे जेवण रात्री आहे, पण दुपारच्या विश्रांतीत कांदा-लसणाविना थाळी मिळेल. आम्ही तरीही दशम्या आणि चटणीचा डबा घेतला.

आदल्या दिवशी मोटारीची तपासणी झाली. तिला ‘स्क्रुटिनी’ म्हणतात. आमची मोटार नेहमीच्या गॅरेजमधून नुकतीच आली होती, त्यामुळे मी निश्चिंत होतो. तपासनिसाने ब्रेक, दिवे, भोंगा, आसनपट्टे पाहिले, प्रत्येक टायरच्या खाचेत नाणे घालून खोली पाहिली, बॅटरी हाताने हलवून पाहिली. ती हलली. तिची पकडपट्टी बसवायची राहून गेली होती. डिकीत हळदीच्या नमुन्याच्या सात पिशव्या आणि एक लोखंडी वजन निघाले. ते वजन उचलून त्याने मला विचारले, “साहेब, ब्रेक मारला तर हे कुठं जाईल?” दहा वर्षे ते वजन त्याच जागी होते आणि मागच्या आसनावर माझी आई बसत आली आहे. मी ते मुकाट्याने बाजूला काढले. स्पर्धेत उतरायचे नसले तरी अशी तपासणी वर्षातून एकदा करून घ्यावी असे वाटते. तासाभरात पट्टी बसवून आम्ही परत गेलो आणि दारावर 23 क्रमांक चिकटला.

23 क्रमांकाची मोटार सकाळी 7 वाजून 23 मिनिटांनी सुटणार. डिसेंबरमधली थंडी, पंचगंगेवरून येणारे धुके. दहा मिनिटे आधी रोडबुक हातात आले. त्यातील प्रत्येक ओळीत अंतराचा आकडा आणि एक छोटे चित्र. खालचा ठिपका म्हणजे आपण येतो ती वाट, बाण म्हणजे जायची दिशा, बाकीच्या रेषा म्हणजे सोडून द्यायचे रस्ते. या चित्रांना नेदरलँड्समधील ट्यूलिप रॅलीवरून ‘ट्यूलिप’ असेच नाव पडले आहे. पहिल्या दहा किलोमीटरांत दंड नसतो. ते अंतर आपला मीटर तपासण्यासाठी. मोटारीचा मीटर चाकाच्या फेऱ्यांवर चालतो. टायर झिजला किंवा हवा उतरली की चाकाचा घेर किंचित कमी होतो, तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त पडतात आणि मीटर जास्त अंतर दाखवतो. आयोजकांचे 10 किलोमीटर संपले, तेव्हा आमचा मीटर 10.3 दाखवत होता. म्हणजे शेकडा तीनचा फरक. आपल्या पेठेत ज्याला कडता म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. मीटरच्या आकड्यातून तेवढे वजा करायचे आणि मग अप्पांचा तक्ता लावायचा.

पन्हाळ्याच्या पायथ्याने निघून वारणेच्या खोऱ्याकडे जाईपर्यंतचे तीन टप्पे अपेक्षेहून चांगले गेले. चढणीवर अडीचकीचा वेग होता. ताशी 24 म्हणजे किती सावकाश, हे मोटारीत बसून सांगितल्याशिवाय कळत नाही. एका सायकलवाल्या मुलाने शंभर पावले आमची सोबत केली. मुलगी पायाने, आणि मी तोंडाने, गाडी चालवत होतो. “तीन सेकंद पुढे. दोन. बरोबर. असंच ठेव.” तीन टप्प्यांत मिळून 19 गुण दंड झाला. न्याहारीच्या थांब्यावर आमच्याहून कमी दंड असलेल्या मोटारी फक्त सहा होत्या.

माझ्या हातून चूक झाली ती त्या थांब्यावर.

प्रत्येक वेळी मनात वजाबाकी करण्यापेक्षा तयार पट्टी असावी, असे माझ्या मनात आले. डावीकडे मीटरचा आकडा, उजवीकडे खरे अंतर. वीस मिनिटांचा थांबा, एका हातात चहा. मी मोठ्या आत्मविश्वासाने ती पट्टी लिहून काढली, आणि 1.03 ने भागण्याऐवजी प्रत्येक आकड्याला 1.03 ने गुणले. कडता वजा करण्याऐवजी मिळवला. मुलगी म्हणाली, “पप्पा, एकदा बघू का?” मी म्हणालो, “तू रस्ता बघ. मोजणारा मी आहे.”

चौथा टप्पा 24 किलोमीटरांचा, ताशी 40 चा, म्हणजे दिडकीचा. खरा वेळ 36 मिनिटे. साखर कारखान्यांचा हंगाम असल्याने उसाने लादलेल्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर वाटेत होते. तरीही माझ्या पट्टीप्रमाणे आम्ही सतत वेळेच्या पुढे निघत होतो आणि मी तिला सारखे सांगत होतो, “हळू. अजून हळू.” बाराव्या किलोमीटरला एका ओढ्यावरचा पूल आला. पुस्तकात पुलाचा आकडा 12.00 होता. मीटरवर 12.4 च्या जवळपास. माझी पट्टी म्हणत होती की आम्ही पावणेतेरा किलोमीटरच्या आसपास आहोत.

“पप्पा, पूल जुळत नाही.”

“तो पूल मागे गेला. हा दुसरा.”

“मागे पूल नव्हता.”

“मोरी होती. चाल पुढे.”

त्याच वेळी मागे एक मोटार येऊन टेकली. 24 क्रमांक. आमच्यानंतर पूर्ण एका मिनिटाने सुटलेली. मुलगी आरशात पाहून म्हणाली, “ते आपल्याला गाठताहेत म्हणजे आपण एक मिनिट मागे आहोत.” मी म्हणालो, “ते घाई करताहेत. दोन गुणांनी दंड भरतील.” 24 क्रमांक दिवा दाखवून पुढे गेला. मुलीने पुढे एक शब्द काढला नाही. मी सांगितलेल्या वेगाने तिने मोटार चालवली. तिला माझी चूक दिसत होती, आणि तरीही ती माझे ऐकत होती. शेजारी नुसता नॅव्हिगेटर असता तर तिने ऐकले नसते.

टप्प्याच्या शेवटी पंचांचे टेबल आले तेव्हा 24 आणि 25 हे दोन्ही क्रमांक आमच्या पुढे उभे होते. वेळपत्रकावर पंचांनी आकडा लिहिला. आम्ही 2 मिनिटे 11 सेकंद उशिरा आलो होतो. एका टप्प्यात 131 गुण दंड.

पुढचा टप्पा तीन मिनिटांनी सुरू होणार होता. पेढीवर अशी वेळ आली की मी काय करतो, ते मला ठाऊक आहे. चष्मा पुसतो, मुनीमजींना हाक मारतो, विषय बदलतो. संध्याकाळपर्यंत कोणाची चूक होती, हे कोणी विचारत नाही. येथे हाक मारायला कोणी नव्हते आणि संध्याकाळही नव्हती. मी म्हणालो, “पट्टी चुकली. भागायचं ते मी गुणलं.” ती म्हणाली, “हं.” मग पट्टी फाडून मागे टाकली आणि म्हणाली, “अप्पांचाच तक्ता घ्या. मीटरचा आकडा मला दिसतोय, शेकडा तीन मी वजा करून सांगते, तुम्ही दिडकी लावा.” चालवणाऱ्याने अंतर सांगायचे आणि नॅव्हिगेटरने फक्त वेळ, अशी पद्धत नियमात कुठे बसते, ते मी पाहिले नाही. शिराळ्याकडून परतीच्या वाटेवर ती बोलत गेली आणि मी उत्तरे देत गेलो. “आठ पूर्ण.” “बारा मिनिटं. आपण चार सेकंद मागे.” एका गावात लग्नाची वरात आडवी आली, सव्वा मिनिट गेले. तेव्हा मात्र तिचा पाय जड झाला आणि काटा साठच्या पुढे सरकू लागला. ‘हळू’ म्हणण्याचा अधिकार मला उरला आहे की नाही, असा क्षणभर प्रश्न पडला. पुढे शाळेची पाटी दिसली. मी म्हणालो, “जाऊ दे ते सेकंद.” तिने पाय काढला. ते सेकंद आम्हाला पंचांनी माफ केले नाहीत, पण पुढच्या बारा किलोमीटरांत थोडे-थोडे करून बरेचसे भरून निघाले. उरलेल्या सर्व टप्प्यांत मिळून दंड 24 गुण.

एकूण 174. मोटारी 31, आमचा क्रमांक 17. मुलीने घरी जाताना वाटेतच हिशेब केला की चौथा टप्पा सोडला तर आपण पहिल्या आठांत होतो. हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, आणि मला ते अधिक लागले. अंधार पडण्यापूर्वी रस्त्याच्या कडेला थांबून आम्ही डबा उघडला.

सोमवारी पेढीवर अप्पांनी वेळपत्रक मागितले. प्रत्येक आकडा तपासला. 131 वर बोट ठेवून ते म्हणाले, “हे कोणाचं?” मी म्हणालो, “माझं.” त्यांनी मान हलवली आणि पत्रक परत दिले.

त्या दुपारी मी आणखी एक काम केले, ते लिहावे की नाही, असा विचार करत होतो. दिवाळीच्या आधी मुलीने शीतगृहाच्या पावत्या आणि आमची वही यांत तीन पोत्यांचा फरक दाखवला होता. तेव्हाही मी ‘मोजणारा मी आहे’ असेच म्हणालो होतो. बहुधा याच शब्दांत. सोमवारी मी तिला ती वही घेऊन बोलावले. दोघांनी मिळून पावती-पावती लावली. फरक होता. पण पोती गेली नव्हती. एका जुन्या गिऱ्हाइकाला भिजक्या मालाच्या बदल्यात मी ती भाद्रपदात दिली होती, तोंडी, आणि वहीत लिहिली नव्हती. म्हणजे हिशेब माझा बरोबर होता. फक्त तो माझ्या डोक्यात होता, आणि तिच्यापुढे जी वही होती, तीत नव्हता. तिने तारीख विचारून नोंद केली आणि समासात माझी सही घेतली.

क्लबची पुढची रॅली श्रावणाच्या आधी आहे. पावसातली असल्याने टायर नवे घ्यावे लागतील, विमा कंपनीला पुन्हा पत्र लिहावे लागेल, आणि अक्कांना पुन्हा दहा लिटरांचा हिशेब द्यावा लागेल. अर्ज भरून टेबलावर पडला आहे. नॅव्हिगेटरच्या रकान्यात मुलीने स्वतःचे नाव लिहिले आहे, आणि चालकाच्या रकान्यात माझे.